बिनतिळाचे कटले

१

एकशे बारा मासे होते. मी स्वतः मोजले.

कोरेवाडीच्या तळ्याच्या पूर्वेच्या काठाला ते पडले होते. सगळे कटला जातीचे, सगळे मेलेले, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या अंगावर लाल, चिघळलेले चट्टे. पाणी त्यांच्यापासून हातभर मागं होतं. ही गोष्ट मी पाहिली आणि सोडून दिली.

साल पासष्ट, फेब्रुवारी महिना. मी बाळासो जगदाळे, तेव्हा माण तालुक्यात फौजदार होतो. नोकरीला तीन वर्षं झाली होती आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचे ते दिवस होते.

तळ्याची राखण भोई लोकांच्या मच्छीमार सोसायटीकडे होती आणि सोसायटीची चेअरमन होती चंद्राबाई भोई. नवरा गेल्यावर तिनं चौदा घरं गोळा करून ही सोसायटी उभी केली होती. ती माझ्यासमोर उभी राहिली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण आवाज फाटला होता.

"सायेब, दीड वरीस जपल्याली ही जित्राबं. फुडल्या शनवारी प्रांतसायेब येणार हायती. आता त्यास्नी काय दावू? नुसतं पानी?"

तिच्या बोलण्याचा अर्थ मला ठाऊक होता. तळ्याचा ठेका संपत आला होता. तो पुन्हा सोसायटीला द्यायचा, की आप्पासाहेब काटकरांना, हे प्रांतसाहेब दोघांचे मासे बघून ठरवणार होते. काटकर म्हणजे त्या भागातले नाव असलेले बागायतदार. त्यांनी मळ्यात सिमेंटचा हौद बांधून त्यात मासे पाळले होते.

"आनि सायेब, हे मासं मला जरा बारकं वाटत्यात," चंद्राबाई म्हणाली.

"वैनी, मोठं तळाला गेलं आसतील बुडून," तिचा दीर धनाजी पटकन म्हणाला. तळ्याची राखण तोच करायचा. आधीचे दोन दिवस तो तापानं घरी पडून होता, असं त्यानं सांगितलं. मग त्यानंच मला बाभळीच्या झुडपात पडलेली काचेची मोठी बरणी दाखवली. आत थोडं तेजाब, म्हणजे ॲसिड, उरलं होतं.

तेजाबाची बरणी गावात एकाच माणसाकडे असायची. नियाज रंगारी. सुताच्या लडी रंगवायचा आणि सांडव्याखाली धुवायचा. चारच दिवसांपूर्वी त्याचं आणि चंद्राबाईचं त्यावरून भांडण झालं होतं. तिनं त्याला तळ्यावरून हाकललं होतं आणि तोही भर रस्त्यात ओरडला होता, "बघतो तुमचं तळं किती दिस टिकतंय!"

बरणी माझीच, हे नियाजनं कबूल केलं. ती तळ्यावर कशी गेली ते त्याला सांगता येईना. दुपारपर्यंत मी त्याला कोठडीत घातला. मासे तेजाबानं भाजून मेले, हे मला उघड दिसत होतं. पुराव्यासाठी सगळ्यात बारके सहा मासे दवाखान्यातून आणलेल्या फॉर्मॅलिनच्या मोठ्या बरणीत घालून मी सील केले, बाकीचे पुरायला लावले. विषारी पाण्यात कुणी जाळं टाकू नये असा हुकूमही काढला.

संध्याकाळी नियाजची आई मेहरुनबी ठाण्यात आली. रडली नाही. तिनं एकच विचारलं.

"सायेब, तेजाबाची बरणी त्यो वरसातनं दोनदा आणतोय, मिरजेस्नं, मांडीवर धरून. तळ्यात वतून टाकली तर त्यो रंगवंल कशानं?"

मी तिला घरी जायला सांगितलं. 

२

कोर्टासाठी तज्ज्ञाचा दाखला हवा होता. मी सांगलीला पत्र टाकलं आणि मंगळवारच्या एस.टी.नं मत्स्यखात्याचे निरीक्षक उतरले. धोंडिराम होवाळ. मूळचे आष्ट्याचे. तिशीचा किडकिडीत माणूस, खांद्याला खाकी पिशवी, पिशवीत भिंग, दोनचार बाटल्या आणि एक छोटी कात्री. घरातले पहिलेच मॅट्रिक. छप्पन साली सगळं घर बौद्ध झालं त्या वर्षी ते कोल्हापूरला कॉलेजात बेडूक कापत होते, असं त्यांनीच पुढं हसत सांगितलं.

त्यांच्याबरोबर बसून चहा पिताना आमच्या जमादाराची चुळबूळ झाली. होवाळांनी ती पाहिली आणि चहा सावकाश संपवला.

"काम सोपं आहे, होवाळ," मी म्हणालो. "हे मासे तेजाबानं मेले, एवढं लिहून द्या."

त्यांनी सील फोडलं. बरणीतला एक मासा काढून कागदावर ठेवला. आधी कल्ला उचलून आत बघितलं, मग चट्ट्यांवर भिंग धरलं, मग मासा उलटा करून शेपटीपर्यंत बोट फिरवत नेलं. सहाही मासे त्यांनी असेच बघितले. शेवटी बरणी उजेडात धरून हलवली. तळाशी मसुरीच्या डाळीएवढ्या, पातळ, पारदर्शक चकत्या गोल गोल फिरू लागल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"उवा."

"काय?"

"माशांच्या उवा. अंगाला चिकटतात, सोंड खुपसतात, रक्त पितात. जिथं चावतात तिथं असा चट्टा पडतो आणि तो चिघळतो." त्यांनी माझ्यासमोर कल्ला उघडला. "तेजाब पाण्यात पडलं असतं तर पहिल्यांदा हे जळालं असतं. मासा श्वास घेतो तो इथून. बघा, कल्ले शाबूत आहेत."

माझ्या कानशिलांत रक्त चढलं. "म्हणजे दाखला देणार नाही तुम्ही?"

"देतो की. हे मासे रोगानं मेले असा देतो." ते हात पुसत उठले. "पण त्याआधी मला तळं बघायचंय. यातल्या एका गोष्टीचा मेळ बसत नाही."

३

तळ्याच्या काठाला होवाळ गुडघ्यावर बसले आणि पाण्यातले दगड उलटे करू लागले. प्रत्येक दगडाखाली शंखाच्या गोगलगायी, बोटाच्या पेराएवढ्या, जिवंत. पलीकडे बेडकांचं चाललंच होतं. वाळक्या फांदीवर खंड्या बसला होता. त्यानं आमच्यादेखत सूर मारून चोचीत बारकी मासोळी धरून आणली.

"फौजदार साहेब, हे पाणी विषारी आहे म्हणता?"

उत्तराची वाट न बघता ते मागं उभ्या चंद्राबाईकडं वळले.

"चंद्राबाई, जाळं टाकता का जरा?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. माझ्या हुकुमानंतर पाच दिवसांनी तळ्यात जाळं पडलं. पहिल्या दोन खेपांना बारके रोहू आणि मृगळ आले. तिसऱ्या खेपेला जाळं जड झालं आणि एक कटला वर आला. चांगला चार शेरांचा. काठावर ठेवल्यावर शेपटी आपटून त्यानं आम्हाला भिजवलं.

"ह्यो बघा माझा मासा!" चंद्राबाई ओरडली. "असं तीसभर तरी व्हतं ह्या तळ्यात. मी त्या दिशीच म्हनलं न्हवतं का, मेल्यालं बारकं हायती म्हनून? माझं कोन ऐकतंय!"

तिचं ऐकलं नव्हतं ते मीच.

होवाळांचं मात्र लक्ष माशाच्या कातडीवर होतं. परांच्या मुळाशी, पोटावर, गालफडांवर बारीक काळे ठिपके होते. कुणी तीळ उधळावेत तसे.

"हे ठिपके सगळ्याच माशांना असतात का हो?"

"तीळ व्हय? आमच्या तळ्याच्या माशाला असत्यातच. म्हसवडच्या बाजारात नवं गिऱ्हाईक बिचकतंय. मी सांगती, ही सिद्धनाथाची खूण हाय, बिनघोर खा. जुनं गिऱ्हाईक तर तीळ बघूनच घेतंय, म्हनजी कोरेवाडीचा ताजा मासा."

होवाळ हसले. ते पहिल्यांदाच हसले. त्यांनी जाळ्यातला एकेक मासा बघितला. रोहू, मृगळ, कटला, प्रत्येकाला तीळ. ऊ मात्र एकाच्याही अंगावर नव्हती. मग ते माझ्याकडं वळले.

"तीळ नाहीत हे. एका जंताची पिल्लं आहेत, कातडीत घर करून बसलेली. माणसाला त्रास नाही, शिजवलं की संपलं. आता तुम्हीच मेळ घाला. या तळ्यातल्या प्रत्येक माशाला ठिपके आहेत, उवा नाहीत. तुमच्या बरणीतल्या माशांना उवा होत्या, ठिपका एकही नाही."

 बोलली ती चंद्राबाईच, हळू आवाजात.

"म्हनजी त्ये मासं..."

"ते एकशे बारा मासे या तळ्यात कधी पोहलेच नव्हते. मेलेले आणून टाकले कुणीतरी." होवाळांनी तो कटला उचलून पाण्यात सोडला. "आणि तीन खेपांत कटला एकच आला, मेलेला मोठा एकही दिसला नाही. म्हणजे तुमचे तीस कुठंतरी जिवंत आहेत."

४

ऊन उतरता उतरता आप्पासाहेब काटकरांचा निरोप आला. सरकारी पाहुणा आलाय, मळ्यावर चहाला या.

आप्पासाहेब दिलदार माणूस. तक्रार झाल्या दिवशी माझ्यासाठी जीप पाठवणारे तेच होते. त्यांनी होवाळांना खुर्ची दिली, खांद्यावर हात ठेवून हौदावर नेलं. साठ फूट लांब, तीस फूट रुंद, विहिरीवरच्या पंपानं भरलेला हौद होता. पाणी इतकं स्वच्छ की दोन हात खोल दिसावं.

"वाईट झालं बघा त्या बाईचं," ते म्हणाले. "आमचं दोघांचं मत्स्यबीज एकाच दिवशी आलं होतं. कलकत्त्याहून रेल्वेनं, पुढं एकाच ट्रकमध्ये. निम्मे डबे सोसायटीला, निम्मे मला. माझे बघा, तिचे बघा. शेवटी निगा लागते हो. तळं म्हणजे नुसती घाण. इथं शेवाळ नाही, चिखल नाही. दर दोन महिन्यांनी चुना मारतो. गोगलगाय औषधाला सापडायची नाही."

"एकही नाही?" होवाळांनी विचारलं.

"सापडली तर हा मळा तुमच्या नावावर करतो!"

भोवतीचे गडी हसले. आप्पासाहेबांनी पेंडेची मूठ टाकली आणि पाण्यावर मोठाले कटले वर आले. चार शेरांचे, पाच शेरांचे.

"एखादा बाहेर काढून दाखवता?"

"आज नको. शनिवारी प्रांतसाहेबांच्या समोरच जाळं पडेल."

होवाळांनी मान डोलावली. हात धुवायला म्हणून ते हौदाच्या कडेला बसले आणि पाण्याखालच्या भिंतीवरून तळवा फिरवत राहिले. जरा जास्तच वेळ.

परतताना मला गोठ्याजवळ दोन गोष्टी दिसल्या. एक बैलगाडी, तिच्यावर पाणी वाहायची लोखंडी टाकी. आणि तिच्या सावलीत चहा पीत बसलेला धनाजी. मला बघून त्याच्या हातातला कप कलंडला.

"हाच!" बाहेर पडताच मी म्हणालो. "घरभेदी! आत्ता उचलतो त्याला."

"आज उचललात तर उद्या हौद रिकामा असेल," होवाळ म्हणाले. "शनिवारपर्यंत थांबा. आपला साक्षीदार पाण्यात आहे आणि मालक स्वतःच त्याला चारचौघांत बाहेर काढणार आहे."

मी तरीही हौदाबाहेर साध्या वेशातले दोन शिपाई ठेवले, आणि नियाजला घरचा डबा चालू केला. चार दिवस मला जेवण गेलं नाही. माणूस निर्दोष आहे हे कळूनही त्याला कोठडीत ठेवायचं, आणि ठेवलं नाही तर चोर सावध होणार. नियाजला मी जाऊन खरं सांगितलं. 

"शनवारपतुर ना?" तो म्हणाला. "बसतो. पर त्यास्नी सोडू नगा."

५

शनिवारी मळ्यावर निम्मा तालुका लोटला. प्रांतसाहेब खुर्चीवर, आप्पासाहेब फेट्यात, चंद्राबाई सोसायटीच्या बायकांबरोबर एका बाजूला. जाळं ओढलं आणि पाणी उसळलं. एकेक कटला टोपलीत पडताना लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रांतसाहेब उठून उभे राहिले.

"अप्रतिम! आप्पासाहेब, याला म्हणतात आधुनिक शेती."

"साहेब, एक मिनिट," होवाळ पुढं आले. "टोपलीतला कुठलाही एक मासा तुम्ही निवडा."

प्रांतसाहेबांनी बोट दाखवलं. होवाळांनी तो मासा त्यांच्यासमोर धरला. परांच्या मुळाशी काळे तीळ. दुसरा उचलला. तीळ. तिसरा. तीळ. बायकांच्या घोळक्यातून चंद्राबाईची आरोळी उठली.

"आरं, ही तर माझी लेकरं!"

आप्पासाहेब हसले. "मासे काय माझे-तुझे ओळखू येतात? पक्षी इथंही येतात. रोग कुठल्याही माशाला होतो."

"बरोबर बोललात. रोग पक्ष्यानंच आणला," होवाळ म्हणाले. त्यांचा आवाज शाळामास्तरासारखा शांत होता. "खंड्या मासा खातो. माशातला जंत खंड्याच्या पोटात वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून पाण्यात पडतात. पण तिथून तो थेट माशात जाऊ शकत नाही. मधे एक घर लागतं, गोगलगायीचं. गोगलगाय नाही तर तीळ नाही. आप्पासाहेब, मंगळवारी चारचौघांत तुम्ही काय सांगितलंत?"

आप्पासाहेबांचं हसू उतरलं. मागच्या गड्यांपैकी एकजण बोलून गेला, "मळा नावावर करतो म्हनलं!"

"बीजच रोगट आलं असेल!" आप्पासाहेब ताडकन म्हणाले. "खात्याचं बीज होतं, तुमच्याच खात्याचं!"

"एकाच ट्रकमधून, एकाच दिवशी. हेही तुम्हीच सांगितलंत. मग तळ्याच्या काठावर पडलेल्या कटल्यांना एकही तीळ का नव्हता?" होवाळांनी पुन्हा सील केलेली बरणी प्रांतसाहेबांच्या हातात दिली. "कारण ते तळ्यातले नव्हते. ते या हौदातले होते. हौदात दाटी झाली, मासे शेर-दीड शेरावर खुंटले, मग उवा पडल्या आणि पटापट मरायला लागले. शनिवारी दाखवायला काही उरलं नव्हतं. मग मेलेले तळ्यावर गेले आणि तळ्यातले इथं आले. तेजाबाची बरणी ठेवली की दोष नियाजवर, आणि ठेका यांना."

"पुरावा!" आप्पासाहेब गरजले. "या हौदात उवा होत्या याला पुरावा काय?"

होवाळ हौदाकडं वळले. त्यांनी बाह्या वर केल्या, हौदाच्या कडेला बसले आणि पाण्याची मोटार चालू करून हौद हातभर उतरवायला सांगितलं. पाणी खाली गेलं. उघड्या पडलेल्या सिमेंटवर बारीक, पिवळट ठिपक्यांच्या ओळी दिसू लागल्या. आखून काढल्यासारख्या सरळ, शेकडो.

"माशाची ऊ माशाच्या अंगावर अंडी घालत नाही. टणक जागा शोधते आणि तिथं अशा ओळी चिकटवते. ही भिंत तिला फार आवडली." त्यांनी भिंग प्रांतसाहेबांपुढं केलं. "तळ्यात मी चाळीस दगड उलटे केले. तिथं एकही ओळ नाही."

प्रांतसाहेब भिंगातून बघत राहिले. 

आणि मग धनाजी गर्दीतून चंद्राबाईपुढं आला.

"वैनी, आप्पासायेब मला म्हनले, तळं आमच्याकडं आलं की तुला मुकादम करतो. टाकी मी भरली. बरणी मीच आनली नियाजच्या अंगणातनं. मासं जित्तं हायती म्हनून मी... मारलं न्हाई गं मी त्यास्नी."

आप्पासाहेबांनी काठी उचलली, पण तोवर मी त्यांच्या दंडाला धरलं होतं. अशी घट्ट पकड मी पुन्हा कधी धरली असेल असं वाटत नाही.

६

नियाजला मी स्वतः कोठडीतून बाहेर काढला आणि ठाण्याच्या ओट्यावर, लोकांसमोर त्याची माफी मागितली. मेहरुनबी म्हणाली, "सायेब, चुकला तुमी. पर कबूल केलासा." आणि लेकाला घेऊन ती सरळ तळ्याकडं निघाली, कारण सगळं गाव तिकडंच चाललं होतं.

मासे तसेच तळ्यात सोडायचे नाहीत, होवाळांनी बजावलं. हौदातल्या आठ-दहा दिवसांत त्यांच्याही अंगावर पाचदहा उवा चढल्या होत्या. त्या तळ्यात गेल्या तर सगळंच बुडेल. पटकीच्या साथीत विहिरीत टाकतात ते लाल औषध त्यांनी दवाखान्यातून आणवलं. गुळाच्या मोठ्या काहिलीत पाणी भरलं. औषध कमी पडलं तर ऊ मरणार नाही, जास्त झालं तर मासा मरेल.

"रंगावरनं सांगा," नियाज बाह्या सरसावत म्हणाला. "किती फिकं पायजे?"

होवाळांनी वहीचं एक गुलाबी पान दाखवलं. नियाज चिमटीनं औषध टाकत, ढवळत गेला आणि एका क्षणी थांबला. होवाळांनी पान पाण्याशेजारी धरलं. तसूभरही फरक नव्हता.

मग एकेक मासा काहिलीत, तिथून साध्या पाण्यात, तिथून तळ्यात. प्रत्येक माशागणिक हलगी वाजत होती. पण मासे जड आणि निसरडे होते, बायकांचे हात भरून आले. चंद्राबाईनं मागं वळून बघितलं. जीपजवळ शिपायाच्या ताब्यात धनाजी मान घालून उभा होता.

"फौजदारसायेब, ह्येला घटकाभर सोडा. मासं धराया ह्येच्यावानी हात न्हाई गावात. सोडून झालं की न्या खुशाल."

मी बेड्या काढल्या. धनाजी पाण्यात उतरला. वहिनीच्या हातातला मासा त्यानं आपल्या हातात घेतला. 

बावीस, तेवीस, चोवीस. लोक मोठ्यानं मोजू लागले. प्रांतसाहेबांनी तिथंच, काठावर उभं राहून जाहीर केलं की तळं सोसायटीचंच राहील. हलगीच्या आवाजात ते निम्म्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांना पुन्हा सांगावं लागलं, आणि दुसऱ्या वेळी बायकांनी असा कालवा केला की फांदीवरचा खंड्या उडाला.

"होवाळसाहेब," मी म्हणालो, "मला तुमच्याकडून फक्त दाखला हवा होता."

"देतो की," ते म्हणाले. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, चष्म्यावर थेंब. "काय लिहू?"

एकतिसावा मासा सगळ्यात मोठा होता. तो चंद्राबाईनं स्वतः सोडला. तो काठाशी क्षणभर तसाच थांबला, कल्ले हलवत. मग शेपटीचा एक फटका मारून, माझा गणवेश गुडघ्यापासून छातीपर्यंत भिजवून, खोल पाण्यात शिरला.

पुढं मी बत्तीस वर्षं पोलिसात काढली. चोरीचा माल मालकाला परत दिला तो कितीतरी वेळा. पण माल आपल्याच शेपटीनं घरी गेला, तो तेवढा एकदाच.